दोन्ही धागे उभे

पावसाळा लागला की कोल्हापुरात घरोघरी एकच प्रश्न असतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. शाळकरी पोरांनाही हे दोन आकडे पाठ असतात. २०२१ च्या जुलैत पाणी दोन्ही आकडे ओलांडून वर गेलं, तेव्हा आम्ही उत्तरेश्वर पेठेत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. वीज गेलेली. नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच पुरात बुडाली होती. गल्लीच्या तोंडाशी गढूळ पाणी येऊन थांबलं होतं आणि आबा खिडकीशी खुर्ची ओढून त्याच्याकडे बघत बसले होते. करण्यासारखं काही नव्हतं. मी एक जुनी हिशेबाची वही काढली आणि बरीच वर्षं मनात असलेलं एक गणित हातानं करायला घेतलं. दुसऱ्याच ओळीत ३९ आले.

पाण्याचे नव्हेत. भास्कराचार्यांचे.

प्रश्न सांगायला अगदी सोपा आहे. एका संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ नं गुणा, १ मिळवा. उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवं. ६१ च्या जागी ६० असते तर काम क्षणाचं होतं: ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, त्यात १ मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ लाही फारसा त्रास नाही. ८ चा वर्ग ६४, ६२ पट ३९६८, एक मिळवून ३९६९, तो ६३ चा वर्ग. मधल्या ६१ ला मात्र सगळ्यात लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. त्याच्या वर्गाची ६१ पट करून एक मिळवला की १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग येतो. शेजारशेजारच्या तीन आकड्यांत हा एकटाच असा का वागतो? एम.एस्सी.च्या वर्षापासून हा प्रश्न माझ्याबरोबर आहे. पुढं कळलं की एका फार मोठ्या, आजही न सुटलेल्या प्रश्नाचं दार इथूनच उघडतं.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘बीजगणिता’त हेच ६१ चं उदाहरण घेतलं. त्यांचं वय तेव्हा छत्तीस. फ्रान्सच्या फर्मानं १६५७ मध्ये आव्हान म्हणून जे आकडे पुढं टाकले, त्यातही ६१ होता. पाचशे वर्षांपूर्वी त्याचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे, हे त्याला ठाऊक असणं शक्य नव्हतं. ऑयलरच्या एका गैरसमजामुळं जगभर या समीकरणाला पेल या इंग्रज गणितज्ञाचं नाव चिकटलं. पेलचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. मी वर्गात ‘वर्गप्रकृती’ हाच जुना शब्द वापरते आणि मुलींनाही तोच लिहायला लावते. आपल्याकडच्या माणसानं जिथं एवढे कष्ट घेतले, तिथं त्याचा शब्द तरी राहावा.

हे उत्तर काढायला त्यांनी वापरलेली रीत चक्रवाल, चाकासारखी फिरत पुढं जाणारी. ६१ च्या जवळचा वर्ग ६४, म्हणून ८ आणि १ पासून सुरुवात: ८ चा वर्ग वजा ६१ गुणिले १, बाकी ३. आता असा एक आकडा शोधायचा की तो ८ मध्ये मिळवल्यावर ३ नं नि:शेष भाग जावा, आणि त्याचा वर्ग ६१ च्या जास्तीत जास्त जवळ असावा. तो ७. मग ८ सत्ते ५६, अधिक ६१, ११७. भागिले ३, आले ३९. आणि ८ अधिक ७, १५. भागिले ३, आले ५. पडताळा घ्या: ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५. बाकी उणे ४.

इथं चाक पुढं फिरवायचं कारण उरत नाही. ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्येच सांगून ठेवलं होतं की बाकी १, २ किंवा ४ आली (अधिक असो वा उणे), की ‘भावना’ करून थेट उत्तराला पोचता येतं. भावना म्हणजे अशा दोन जोड्यांचा विशिष्ट गुणाकार. ३९ आणि ५ ची निम्मी जोडी घेऊन भावना केली की १५२३ आणि १९५, तीही निम्मी. आणखी एकदा केली की अर्धे पडतात आणि २९७१८ व ३८०५ ही जोडी येते, बाकी उणे १. तिची तिच्याशीच एकदा भावना, की ते अजस्र उत्तर. मेणबत्तीच्या उजेडात शेवटचा गुणाकार जुळला तेव्हा मी उठून उभीच राहिले. आबांनी विचारलं, “पाणी वाढलं काय?”

या हिशेबात नेमकं काय हाती आलं, हे सांगायचं तर आकड्यांच्या एका वेगळ्या गावात जावं लागेल. नेहमीच्या संख्यांत √६१ मिसळा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं चालू द्या. जे तयार होतं त्याला विद्यापीठात सगळे रिअल क्वाड्रॅटिक फील्ड म्हणतात. मी ‘वास्तव वर्गीय क्षेत्र’ म्हणते. वास्तव अशासाठी की √६१ ही संख्यारेषेवर बोट ठेवून दाखवता येणारी संख्या आहे. √−६१ मिसळलं तर काल्पनिक वर्गीय क्षेत्र. नेहमीच्या पूर्णांकांत १ आणि −१ या दोनच संख्या अशा आहेत की ज्यांनी भागलं तरी भाग पूर्णच जातो. त्यांना एककं म्हणतात. काल्पनिक क्षेत्रांतही ती मोजकीच: दोन, क्वचित चार किंवा सहा. वास्तव क्षेत्रात मात्र ती अनंत असतात, आणि सगळी एकाच मूळ एककाचे घात घेऊन, फार तर चिन्ह बदलून, मिळतात. ६१ च्या क्षेत्राचं ते मूळ एकक म्हणजे ३९ अधिक ५√६१, त्याचं निम्मं. भास्कराचार्यांच्या दुसऱ्याच पायरीवर ते येऊन बसलेलं आहे. मोठं उत्तर हा त्याचा सहावा घात.

आता दुसरी गोष्ट. या गावांत मूळ अवयव पाडण्याचा आपला भरवसा मोडू शकतो. √१० च्या क्षेत्रात ६ म्हणजे २ गुणिले ३, आणि ६ म्हणजेच (४ + √१०) गुणिले (४ − √१०). चारही अवयव पुढं फुटत नाहीत. म्हणजे एकाच संख्येच्या दोन वेगळ्या वंशावळी. ही मोडतोड किती आहे ते मोजणारा आकडा म्हणजे क्लास नंबर. तो १ असेल तर सगळं शाबूत. √१० च्या क्षेत्रात तो २ आहे.

पण मोडलेलं सांधता येतं. त्या क्षेत्रात √२ आणून ठेवा. २ म्हणजे √२ गुणिले √२ झालं. ३ फुटून (२√२ + √५) आणि (२√२ − √५) झाले. ८ वजा ५, तीन. आणि ४ + √१० म्हणजे √२ गुणिले (२√२ + √५). दोन्ही वंशावळींत तेच चार पूर्वज होते, फक्त जोड्या वेगळ्या लावल्या होत्या. पहिल्यांदा हे कागदावर करून पाहिलं तेव्हा मला किती आनंद झाला होता, तो अजून तसाच आठवतो. वर्गात हे फळ्यावर लिहिते तेव्हा दर वर्षी एखादी तरी मुलगी “अय्या” म्हणते. त्या एका शब्दासाठी मी शिकवते.

तर प्रश्न असा आहे. √१० ला सांधणारा दुवा √२ आहे हे इथं आपल्याला दिसलं. दर क्षेत्राला असा दुवा असतो, तो किती मोठा असतो, कसा वागतो, हे सगळं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झालं. पण क्षेत्र दिलं की दुवा काढून देणारी एक रीत आहे का? एखादं फलन, ज्यात क्षेत्राची संख्या घालावी आणि दुवा बाहेर पडावा?

काल्पनिक क्षेत्रांसाठी आहे. आणि ती ज्या मार्गानं मिळते तो समजावून घेताना मला दर वेळी इचलकरंजी आठवते.

मी इचलकरंजीची. आबा चार माग सांभाळायचे, आई घरी कांड्या भरायची. धोट्याची खटखट थांबली की लहानपणी मला जाग यायची. कापड म्हणजे उभं सूत आणि आडवं सूत. उभं सूत ज्या रुळावर गुंडाळलेलं असतं तो बीम. दोन दिशा, आणि त्यांनी मिळून केलेली जाळी. आता जाळीचं एक घर घ्या. त्याच्या एका काठाला समोरचा काठ शिवला की नळी होते, आणि नळीची दोन तोंडं जोडली की सायकलच्या ट्यूबसारखं कडं. इलिप्टिक कर्व्ह म्हणतात तो वक्र संमिश्र संख्यांच्या, म्हणजे वास्तव आणि काल्पनिक मिळून होणाऱ्या संख्यांच्या, पटलावर पाहिला तर असं कडंच असतो. कागदावर तो समीकरणानं लिहितात, उदाहरणार्थ य² = क्ष³ − क्ष. या वक्रात एक खास गुण आहे. क्ष च्या जागी −क्ष घाला, य ला उणे एकच्या वर्गमुळानं गुणा. समीकरण जसंच्या तसं राहतं. हे चौकड्याचं कापड आहे: पाव फेरी फिरवा, नक्षी नक्षीवर बसते. बहुतेक जाळ्यांना असं काही सोसत नाही. ज्या थोड्या जाळ्या फिरवून, ठरावीक प्रमाणात ताणून पुन्हा स्वतःवरच बसतात, त्या विशेष. आणि अशी प्रत्येक विशेष जाळी कुठल्या ना कुठल्या काल्पनिक वर्गीय क्षेत्रातून आलेली असते.

प्रत्येक कड्याचा एक ओळखआकडा असतो, आणि जे-फलन तो काढून देतं. √−१५ च्या क्षेत्राचा क्लास नंबर २. त्याच्या जाळीचा ओळखआकडा काढला तर येतो (−१९१०२५ − ८५९९५√५) भागिले २. त्यातला √५ पाहा. √−१५ च्या मोडतोडीचा दुवा √५ च आहे, आणि तो एका अनंत श्रेणीच्या पोटातून, कुणी न सांगता, बाहेर आला. √−१६३ च्या जाळीचा ओळखआकडा तर थेट पूर्णांक आहे: उणे ६४०३२० चा घन. तिथं क्लास नंबर १, सांधायचं काहीच नाही, म्हणून वर्गमूळही नाही.

क्रोनेकर या जर्मन गणितज्ञानं डेडेकिंड या दुसऱ्या गणितज्ञाला १५ मार्च १८८० ला लिहिलेल्या पत्रात, दुवे असे फलनातून काढण्याला आपलं लाडकं तारुण्यातलं स्वप्न म्हटलं. तेव्हा त्याचं वय छप्पन. आपल्या राजाराम कॉलेजचं सालही १८८०. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण सागरमाळावरून जाताना मला त्या पत्राची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. काल्पनिक क्षेत्रांपुरतं ते स्वप्न पुढच्या चाळीसेक वर्षांत पुरं झालं. १९०० मध्ये हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञानं पॅरिसच्या गणित परिषदेसाठी २३ प्रश्नांची यादी केली. भाषणात त्यानं फक्त दहा घेतले. बाराव्याला भाषणात जागा मिळाली नाही, तो छापील यादीत आला. तो बारावा प्रश्न म्हणजे हेच, पण सगळ्या क्षेत्रांसाठी. काल्पनिकांनंतरचं पहिलंच पाऊल म्हणजे वास्तव वर्गीय क्षेत्रं, √१०, √६१ वगैरे. आणि तिथं विशेष वक्र कोणता, हे आजतागायत सापडलेलं नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा १९९६ साल होतं. वाचून मी बाहेर पायऱ्यांवर बसले. सव्वाशे वर्षांच्या आसपास थोरामोठ्यांनी ज्यासाठी जीव टाकला, ते न मिळण्याचं कारण मला एका वाक्यात कळलं होतं, आणि ते मागावरच्या पोरीला कळेल अशाच भाषेत होतं. √−१५ संख्यारेषेच्या बाहेर, वरच्या अंगाला असतं. म्हणून १ हे आडवं सूत, √−१५ हे उभं सूत, जाळी तयार. √६१ मात्र रेषेवरच आहे. १ त्याच रेषेवर. दोन्ही धागे एकाच दिशेचे.

पुराच्या त्या दिवशी आबांनी “कसला हिशेब चाललाय?” म्हणून विचारलं, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं. आबा सातवी शिकलेले. म्हणाले, “दोन्ही धागे उभे? मग कापड कशाचं? नुसता बीम हाय त्यो.”

मी म्हटलं, “तेच तर आबा. शंभर वर्षं झाली, लोक कापड शोधतायत.”

आबा थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “पर पोरी, बीमावरचं सूत काय सरळ नसतंय. गुंडाळल्यालं असतंय. फेरी घालतंय ते.”

मी वही मिटली. कारण जे त्यांनी सांगितलं ते खरं आहे, अक्षरशः खरं आहे.

ते असं. संमिश्र पटलाच्या वरच्या अर्ध्या भागात प्रत्येक बिंदू म्हणजे एक जाळी. काल्पनिक क्षेत्र तिथं एक ठळक बिंदू देतं. वास्तव क्षेत्राचे √६१ आणि −√६१ हे दोघं त्या पटलाच्या काठावर, रेषेवर पडून असतात. आत त्यांचा एकही बिंदू नाही. पण त्या दोघांना जोडणारी एक अर्धवर्तुळाची कमान पटलात उभी राहते. एकच जाळी दाखवणारे बिंदू एकमेकांवर ठेवत पटलाची घडी घातली, की ती कमान स्वतःच्या शेपटीला येऊन मिळते. बंद फेरी होते, रंकाळ्याच्या पदपथासारखी. शालिनी पॅलेसपाशी निघालात तर शालिनी पॅलेसपाशीच याल. आणि त्या फेरीची लांबी ठरते मूळ एककाच्या लॉगॅरिदमनं. ६१ ची फेरी लांब आहे, कारण ६१ चं एकक मोठं आहे. ११५० मध्ये मोजून ठेवलेला आकडा हा त्या फेरीचा पल्ला आहे. चक्रवाल हे नाव फेरीवरूनच पडलं. भास्कराचार्यांना ही कमान अर्थातच ठाऊक नव्हती, पण त्यांच्या पायऱ्या याच वाटेवरच्या आहेत.

म्हणजे काल्पनिकाला बिंदू, वास्तवाला फेरी. बिंदूपाशी फलनाची किंमत काढता येते. फेरीपाशी काय काढायचं? फेरीभर जे-फलनाची बेरीज घेऊन लोकांनी पाहिलं. सुंदर गोष्टी निघाल्या. दुवा निघाला नाही.

एककानं ही वाट कशी अडवली आहे ते मला आणखी एका ठिकाणी फार स्पष्ट दिसतं. डिरिक्लेनं १८३९ मध्ये क्लास नंबर काढण्याचं सूत्र दिलं. काल्पनिक क्षेत्रात ते क्लास नंबर मोकळा काढून हातात ठेवतं. वास्तव क्षेत्रात ते क्लास नंबर आणि एककाचा लॉगॅरिदम यांचा गुणाकार देतं, सुटा कुणीच नाही. एक वाढला की दुसऱ्याला आवरतं घ्यावं लागतं. √८२ चं मूळ एकक ९ + √८२, इवलंसं; क्लास नंबर ४. √९४ चं एकक २१,४३,२९५ + २,२१,०६४√९४. क्लास नंबर १. एका ताटातली भाकरी दोघांत वाटायची तसं आहे. क्लास नंबर १ असलेली काल्पनिक क्षेत्रं फक्त नऊ. वास्तवात अशी अनंत असावीत असं गाउसच्या काळापासून, १८०१ पासून, सगळ्यांना वाटतं. मूळ संख्यांच्या वर्गमुळांत तर ती चारात तीन या प्रमाणात असावीत असा अंदाज आहे आणि मोजणीही त्याला धरून येते. सिद्धता कुणाकडंच नाही. अनंत सोडा, हा प्रश्न कुठून धरायचा हेही नीट ठरलेलं नाही.

या वाटेवर भेटणाऱ्या माणसांत मला सगळ्यात जवळचा वाटतो कुर्ट हेग्नर. बर्लिनचा, रेडिओ अभियांत्रिकीतला माणूस, विद्यापीठाच्या बाहेरचा. क्लास नंबर १ ची काल्पनिक क्षेत्रं नऊच, हे त्यानं १९५२ मध्ये सिद्ध केलं. लोकांनी त्यात खोट आहे असं धरून ते बाजूला ठेवलं. १९६५ मध्ये तो गेला. त्यानंतर दोन-चार वर्षांत स्टार्क या अमेरिकन गणितज्ञानं दाखवून दिलं की सिद्धता मुळात बरोबर होती. आज हेग्नरचं नाव विशेष बिंदूंना दिलेलं आहे, आणि इलिप्टिक कर्व्हच्या अभ्यासात दिवसाला कितीदा तरी ते उच्चारलं जातं. हे त्याला ऐकायला मिळायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

वास्तव क्षेत्रांसाठी त्याच्या बिंदूंसारखे बिंदू कुठून आणायचे? हेन्री डार्मननं २००१ मध्ये एक धाडसी उत्तर मांडलं. आपली नेहमीची संख्यारेषाच सोडून द्या. एक मूळ संख्या निवडा आणि तिनं किती वेळा भाग जातो यावरून जवळ-लांब ठरवा. ज्याला पी-ॲडिक संख्या म्हणतात त्या. तिथं अंतराचा अर्थच पालटतो, आणि मूळ संख्या नीट निवडली तर √६१ काठावर न राहता आत येतो. धाग्यांना पुन्हा दोन दिशा मिळतात. मग त्या जगात फेरीवरून हिशेब करून इलिप्टिक कर्व्हवर एक बिंदू काढता येतो. संगणकावर शेकडो अंकांपर्यंत पडताळले की हे बिंदू दुवा जिथं असायला हवा तिथंच पडताना दिसतात. पण ते तिथंच का पडावेत, याची सर्वसाधारण सिद्धता नाही. स्टार्क–हेग्नर बिंदू म्हणतात त्यांना. आहेत, दिसतात, मोजता येतात, आणि तरी त्यांच्या पायाखाली जमीन आहे हे अजून दाखवता आलेलं नाही. सगळ्या गणितात मला हाच प्रश्न सर्वांत जास्त ओढतो.

त्या पुराच्या वर्षी, मार्चमध्ये, एक मोठी बातमी येऊन गेली होती. समित दासगुप्ता आणि महेश काकडे या दोघांनी पी-ॲडिक मार्गानंच दुवे काढून देणारं सूत्र सिद्ध केलं होतं, आणि तेही फक्त वर्गीय नव्हे, तर फार मोठ्या कुळातल्या वास्तव क्षेत्रांसाठी. काकडे मूळचे अकोल्याचे, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत असतात. मी तो निबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत समजले असं म्हणणार नाही. एक-एक पान महिना-महिना घेतं. पण मराठी मुलुखातला एक माणूस भास्कराचार्यांच्या एककापासून निघालेल्या वाटेवर इतका पुढं गेला, याचा मला जो अभिमान वाटला तो मी लपवत नाही. चाळीसगाव तालुक्यात पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता, त्याचा. तो वाचून आलेल्या माणसाला हा अभिमान कळेल.

मग सुटला का प्रश्न? ही बातमी वर्गात सांगितली तेव्हा एका मुलीनं लगेच हेच विचारलं, “मॅडम, मग सुटला काय?” मी तिला सांगितलं ते असं: दुवा हाती आला, वक्र नाही आला. सूत्र दुव्याची संख्या अंकाअंकानं मोजून देतं. पण क्रोनेकरच्या विशेष कापडासारखं, जिच्या नक्षीतच तो दुवा विणलेला आहे अशी वस्तू वास्तव क्षेत्रांसाठी अजून कुणी दाखवलेली नाही. नेहमीच्या वास्तव आणि संमिश्र संख्यांत राहून तेच करण्याचा स्टार्कचा अंदाजही अजून अंदाजच आहे. काही जणांना हे पुरेसं वाटतं. पी-ॲडिक तर पी-ॲडिक, उत्तर ते उत्तर. मला नाही वाटत पुरेसं. कापड पाहिल्याशिवाय आबा कधी माल पास करायचे नाहीत.

युरी मानिन या रशियन गणितज्ञानं साठी ओलांडल्यावर याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. वास्तव क्षेत्रातल्या दोन उभ्या धाग्यांपासूनही एक कडं करता येतं, फक्त ते आपल्या ओळखीचं कडं नसतं. तिथं क गुणिले ख आणि ख गुणिले क एक नसतात. त्या विचित्र कड्यांतून क्रोनेकरची गोष्ट पुन्हा सांगता येईल, अशी त्याची आशा होती. निबंधाच्या नावात त्यानं याला म्हातारपणचं स्वप्न म्हटलं. क्रोनेकरचं तारुण्यातलं, मानिनचं उतारवयातलं, स्वप्न एकच. २०२३ च्या जानेवारीत मानिन गेला. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आबा गेले.

त्यांच्या सामानात धोटा निघाला. कधी मागावरून घरी आणला होता कोण जाणे. एका टोकाला झिजलेला, लाकूड हाताच्या घामानं काळं झालेलं. तो आता माझ्या टेबलावर असतो, वहीच्या उजवीकडं. उत्तरेश्वर पेठ सोडून आम्ही उंचावर राहायला आलो, तरी पाऊस वाढला की मी सवयीनं बंधाऱ्याचा आकडा बघते. यंदा परवा तो ३७ वर होता.

फर्माच्या आव्हानात दुसराही एक आकडा होता, १०९. त्याचं सगळ्यात लहान उत्तर चौदा अंकी आहे, १५१४०४२४४५५१००, हे छापलेलं मला माहीत आहे. पण छापलेलं माहीत असणं वेगळं. रात्री वही काढली. पहिली पायरी १० आणि १, बाकी उणे ९. दुसरी २१ आणि २, बाकी ५. तिसरी ९४ आणि ९, बाकी ७. इथवर आले आहे.